प्रायव्हेट नावाचा पत्ता डीबगरला कसा सापडतो

स्विफ्टयूआय (ॲपलच्या स्विफ्ट भाषेतलं स्क्रीन बनवायचं साधन) वापरून केलेलं एखादं आयफोन ॲप एक्सकोडमधून (ॲपलच्या ॲप लिहायच्या प्रोग्राममधून) चालवा आणि व्ह्यू डीबगर उघडून बघा. डीबगर म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या आत डोकवायचं साधन. साध्यासुध्या स्क्रीनमागेही हे असलं एखादं नाव लटकलेलं दिसतं:

_टीटीसी७स्विफ्टयूआयपी३३_ए३४६४३११७एफ००२७७बी९३डीईबीएबी७०ईसी०६९७१२२_यूआयशेपहिटटेस्टिंगव्ह्यू

मूळ नाव अर्थातच रोमन अक्षरांत असतं, इथे मी एकेक अक्षर देवनागरीत उतरवलंय. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा सरळसरळ कचरा वाटतो. मलाही वाटला होता. पण यातलं एकही अक्षर वायफळ नाही, आणि डीबगर हे नाव आपण सातबारा वाचावा तसं रकान्यारकान्याने वाचतो.

आपणही वाचून बघू. सुरुवातीचं ‘_टीटी’ म्हणजे हा स्विफ्टमधला एक टाइप, माहितीचा एक प्रकार, आहे. ‘सी’ म्हणजे क्लास, ही टाइपची एक जात. मग ७ हा आकडा: पुढची सात अक्षरं हे एक नाव समजा. मोजली तर ‘स्विफ्टयूआय’ या रोमन शब्दाची बरोबर सात अक्षरं भरतात, ते झालं मॉड्यूल, म्हणजे एकत्र बांधलेल्या कोडचा गठ्ठा. मग ‘पी’, म्हणजे पुढे येणारी गोष्ट प्रायव्हेट, फार तर आपल्या फाइलपुरती, आहे. आणि मग ३३.

इथे जरा थांबा. ३३ नंतर अंडरस्कोर आणि त्यापुढे अंक-अक्षरांची लांबलचक माळ आहे. तिच्या शेवटी शेवटी ‘०६९७१२२_यूआय’ असं येतं. माळ कुठे संपली? ०६९७ वर, ०६९७१ वर, की ०६९७१२२ वर? नुसत्या डोळ्यांना ते कळणं शक्य नाही. पण ३३ माहीत असेल तर प्रश्नच उरत नाही. अंडरस्कोर धरून ३३ अक्षरं मोजायची, ती ०६९७१ वर संपतात. उरलेले २२ हा पुढच्या नावाचा आकडा. आणि ‘_यूआयशेपहिटटेस्टिंगव्ह्यू’ची मूळ रोमन अक्षरं, पहिला अंडरस्कोर धरून, मोजून बावीस आहेत. मोकळी जागा नाही, स्वल्पविराम नाही, कंस नाहीत. आधी लांबी सांगायची आणि मग नाव, एवढ्या एका शिस्तीवर सगळं चालतं.

ही जी ३३ अक्षरांची शेपटी आहे, तिच्याबद्दलच हा लेख आहे. पण तिच्याकडे जाण्याआधी, नावं अशी पिळून काढायची वेळ कंपायलरवर, म्हणजे कोडचं यंत्राला चालणारं रूप करणाऱ्या प्रोग्रामवर, आलीच का, ते थोडक्यात.

सी भाषेत ‘ॲड’ नावाचं फंक्शन लिहिलं की कंपायलरने बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये त्याचा सिम्बॉल, म्हणजे तिथलं नाव, हेही ‘ॲड’च असतं, फार तर पुढे एक अंडरस्कोर. अशा फाइली जोडून एक प्रोग्राम करणारा तो लिंकर. त्याचं काम सोपं: या फाइलमध्ये ‘ॲड’ हवंय, त्या फाइलमध्ये ‘ॲड’ आहे, लावा जोडणी. लिंकरला टाइप कळत नाहीत, क्लास कळत नाहीत. त्याच्यासाठी सगळी नावं एकाच पोत्यात भरलेली असतात. मग सी++ आली आणि एकाच नावाची चार फंक्शनं ठेवायची मुभा मिळाली, एक पूर्णांक घेणारं, एक अपूर्णांक घेणारं, वगैरे. बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांचा सुरुवातीचा कंपायलर, सीफ्रंट, सी++ चं रूपांतर सीमध्ये करायचा आणि पुढचं काम जुन्याच लिंकरवर सोपवायचा. लिंकर बदलणं हातात नव्हतं, म्हणून नावं बदलली. कोणत्या क्लासमधलं, कोणते टाइप घेणारं, हे सगळं नावातच कोंबलं. यालाच मँगलिंग म्हणतात.

आज लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइडवर सी++ ची नावं ज्या नियमांनी पिळली जातात त्यांना ‘इटेनियम एबीआय’ म्हणतात. गंमत अशी की इटेनियम हा प्रोसेसर इंटेलने २०२१ मध्ये शेवटचा पाठवला आणि दुकान बंद केलं. प्रोसेसर गेला, त्याचं नामकरण शिल्लक राहिलं. त्या नियमांत ‘बँक’ नेमस्पेसमधलं (नेमस्पेस म्हणजे नावांचा एक गट), एक पूर्णांक घेणारं ‘ॲड’ असं दिसतं: ‘_झेडएन४बँक३ॲडईआय’. ‘_झेड’ ही खूण, ‘एन’ ते ‘ई’ यांच्यामध्ये नावांची उतरंड, शेवटचा ‘आय’ म्हणजे पूर्णांक. चार आणि तीन हे आकडे अर्थात रोमन अक्षरांचे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची तऱ्हा वेगळीच, तिथे नाव प्रश्नचिन्हाने सुरू होतं.

जाता जाता: ही लांबी बाइटमध्ये मोजतात. म्हणून तुम्ही सी++ मध्ये नेमस्पेसचं नाव देवनागरीत ‘खाते’ ठेवलंत तर पुढे ४ नाही, १२ येतात, कारण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला, मात्रेलासुद्धा, तीन बाइट लागतात. स्विफ्ट तसं करत नाही. ती असं नाव आधी प्युनीकोडमध्ये, म्हणजे साध्या रोमन अक्षर-अंकांत, बदलते, म्हणजे ‘.भारत’ हे डोमेन इंटरनेटच्या जुन्या यंत्रणेतून ज्या युक्तीने जातं तीच युक्ती.

आता प्रायव्हेटकडे.

आपल्याकडे बहुतेक जण प्रायव्हेट म्हणजे कुलूप असं शिकतात. माझ्या मते या शिकवणुकीने बरंच नुकसान केलंय. प्रायव्हेट ही दारावरची ‘कामाशिवाय आत येऊ नये’ ही पाटी आहे. पाटी वाचतो तो कंपायलर, आणि ओरडतोही तोच. प्रोग्राम तयार झाल्यावर मेमरीत प्रायव्हेट बाइट आणि पब्लिक बाइट यांच्यात काहीही फरक नसतो. मग प्रायव्हेटने खरं काय मिळतं? दुसऱ्या फाइलमध्ये कुणी काय नाव ठेवलंय ते न विचारता आपलं नाव ठेवायची मोकळीक. तुमच्या फाइलमध्ये प्रायव्हेट ‘नोंद’, माझ्या फाइलमध्ये प्रायव्हेट ‘नोंद’, दोघांनी एकमेकांना फोन करायची गरज नाही.

पण मोकळीक दिली की एकाच नावाची दोन माणसं गावात होणारच. आणि लिंकरचं पोतं तर एकच आहे.

महाराष्ट्रात गावांच्या बाबतीत हे शेकडो वर्षांपूर्वी झालं आणि त्यावर उपायही निघाला: वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द. गावातल्या माणसाला नुसतं ‘वडगाव’ पुरतं. बाहेरून येणाऱ्याला बुद्रुक की खुर्द ते सांगावंच लागतं. कंपायलर हा गावातला माणूस आहे, फाइल वाचताना त्याला ‘नोंद’ म्हटलं की कळतं. डीबगर बाहेरचा.

प्रत्येक भाषेने आपापलं बुद्रुक-खुर्द शोधलंय. सीमध्ये ‘स्टॅटिक’ फंक्शनचा सिम्बॉल स्थानिक म्हणून खूण केलेला असतो. दोन फाइलींत एकच नाव असलं तरी लिंकर त्यांची सांगड घालायला जात नाही, दोन्ही सुखाने नांदतात. जीडीबी या डीबगरमध्ये अशा एका नावावर ब्रेकपॉइंट (इथे थांब, अशी खूण) टाकला की तो दोन्ही ठिकाणी लागतो. एकच हवा असेल तर आधी फाइलचं नाव, मग अपूर्णविराम, मग फंक्शन असं सांगावं लागतं. सी++ मधल्या बिननावाच्या नेमस्पेसला जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर ‘_ग्लोबल__एन_१’ असं बारा अक्षरी नाव देतात, आणि ते प्रत्येक फाइलमध्ये तेच असतं! म्हणजे पिळलेलं नाव दोन्हीकडे हुबेहूब सारखं. डीबगर तिथे नावावर विसंबूच शकत नाही. तो पत्ता बघतो, म्हणजे ही सूचना मेमरीत कुठे आहे आणि ती कोणत्या फाइलच्या वाट्याची. ही माहिती ड्वार्फ नावाच्या डीबग नोंदींमध्ये असते.

पायथनचं तर फारच घरगुती. ‘खाते’ क्लासमध्ये दोन अंडरस्कोर लावून ‘__शिल्लक’ लिहिलंत की त्याचं आतल्या आत ‘_खाते__शिल्लक’ होतं. ज्यांनी पायथनचा डीबगर, पीडीबी, वापरलाय त्यांनी हा अनुभव घेतलाच असेल: त्याच क्लासच्या मेथडमध्ये (आतल्या फंक्शनमध्ये) थांबून ‘सेल्फ.__शिल्लक’ विचारलं तर उत्तर येतं, असं काही नाहीच. कारण नाव बदलायचं काम क्लास कंपाइल होताना होतं आणि तुम्ही डीबगरमध्ये टाइप केलेली ओळ क्लासच्या बाहेरची. पूर्ण नाव स्वतः लिहावं लागतं. सगळ्या प्रश्नाचं हे सगळ्यात छोटं रूप आहे: कोडमध्ये उभं राहून जे नाव चालतं ते डीबगरमध्ये उभं राहून चालेलच असं नाही, जागा तीच असली तरी.

स्विफ्टला सीची युक्ती पुरली नसती. स्विफ्टमध्ये एका मॉड्यूलमधल्या अनेक फाइली एकत्र कंपाइल होतात, आणि पूर्ण मॉड्यूलचं ऑप्टिमायझेशन चालू असेल तर सगळ्यांची मिळून एकच ऑब्जेक्ट फाइलसुद्धा बनू शकते. मग ‘या फाइलपुरतं स्थानिक’ याला अर्थ काय? शिवाय स्विफ्टचे क्लास ॲपलच्या जुन्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेच्या रनटाइमपुढे, म्हणजे प्रोग्राम चालताना मागे काम करणाऱ्या यंत्रणेपुढे, हजर होतात, आणि तिथे क्लासचं नाव संपूर्ण प्रोसेसमध्ये एकमेव असावं लागतं. म्हणजे वेगळेपण नावातच असायला हवं. म्हणून ती शेपटी. कंपायलरच्या भाषेत तिला प्रायव्हेट डिस्क्रिमिनेटर म्हणतात, मी शेपटीच म्हणतो.

शेपटी बनते ती एमडी५ हॅशमधून. हॅश म्हणजे कितीही लांब मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. हा हॅश १६ बाइटचा, सोळाच्या पायात लिहिला की ३२ अक्षरं होतात. त्याची सुरुवात अंकाने झाली तर ते वैध नाव ठरणार नाही, म्हणून पुढे एक अंडरस्कोर. झाली ३३. हॅश करताना फाइलचा पूर्ण मार्ग घेत नाहीत, त्यातलं फक्त शेवटचं नाव घेतात. हे शहाणपणाचं आहे. पूर्ण मार्ग घेतला असता तर माझ्या लॅपटॉपवर एक शेपटी आणि बिल्ड सर्व्हरवर दुसरी, असा घोळ झाला असता. पण मग वेगवेगळ्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली असल्या तर? तर स्विफ्ट सरळ नकार देते. एकाच मॉड्यूलमध्ये दोन ‘युटिल्स’ फाइली ठेवणाऱ्या प्रत्येकाने ही एरर खाल्लेली असते: फाइलचं नाव दोनदा वापरलंय. खाली बारीक टीपही असते, की एकाच नावाच्या प्रायव्हेट गोष्टी वेगळ्या ओळखण्यासाठी फाइलींची नावं वापरली जातात. बहुतेक जण टीप न वाचता फाइलचं नाव ‘युटिल्स२’ करतात आणि पुढे जातात. तुम्ही ज्या नियमावर चिडलात तो या शेपटीसाठी आहे.

फाइलच्या नावाचा हॅशच का, फाइलचं नावच का नाही? नावात मोकळी जागा असते, अधिकची चिन्हं असतात, लांबी कितीही असते. हॅश कायम ३३ अक्षरांत बसतो. पिनकोडसारखंच. १९७२ साली १५ ऑगस्टला सुरू झालेला पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या डोक्यातून आला, आणि त्यामागचं एक कारण हेच होतं की सारख्या नावाची गावं फार आणि लिहिणाऱ्यांच्या भाषा अनेक. फरक इतकाच की पिनकोडवरून पोस्ट ऑफिस शोधता येतं, हॅशवरून फाइलचं नाव काढता येत नाही. डीबगरला ते काढायचंही नसतं. त्याला फक्त जुळवून बघायचं असतं.

जुळवणी कशी होते ते एका उदाहरणावर बघू. मॉड्यूलचं नाव ‘बँक’. त्यात ‘ठेवी’ आणि ‘कर्ज’ अशा दोन फाइली. दोन्हींत एकेक प्रायव्हेट स्ट्रक्ट (काही रकाने एकत्र बांधलेला टाइप) आहे, नाव ‘नोंद’. (स्विफ्टला देवनागरी नावं चालतात, त्यामुळे हे उदाहरण खरोखर कंपाइल होईल.) ठेवींच्या नोंदीत दोन पूर्णांक आहेत, रक्कम आणि मुदत. कर्जाच्या नोंदीतही दोन पूर्णांक, रक्कम आणि हप्ता.

प्रोग्राम ठेवींच्या फाइलमध्ये थांबलाय. समोर एक व्हेरिएबल आहे, मेमरीत सोळा बाइट: ५०००० आणि २४. डीबगरने चुकून कर्जाची ‘नोंद’ धरली तर काय होईल? क्रॅश होणार नाही. एररही येणार नाही. तो शांतपणे सांगेल: रक्कम ५००००, हप्ता २४. दोन्हींचा आकार तोच, मांडणी तीच, म्हणून चूक कुठेही अडत नाही. दोन वर्षांची मुदत चोवीस रुपयांचा हप्ता होऊन बसते. मला विचाराल तर क्रॅश होणारा डीबगर परवडला, खोटं बोलणारा नको.

तर बरोबर नोंद कशी मिळते? ड्वार्फमध्ये त्या व्हेरिएबलच्या टाइपचं पिळलेलं नाव असतं. २०१९ च्या स्विफ्ट ५ पासून ही नावं ‘$एस’ने सुरू होतात. (वरचं ‘_टीटी’वालं जुनं वळण आता ऑब्जेक्टिव्ह-सीला दाखवायच्या क्लासच्या नावांपुरतं उरलंय.) नव्या वळणात आधी नाव आणि मागून शेपटी येते, आणि दोन्ही मिळून एक प्रायव्हेट नाव आहे हे सांगायला पुढे ‘एलएल’. त्यानंतर ‘व्ही’ म्हणजे स्ट्रक्ट, ‘सी’ म्हणजे क्लास, ‘ओ’ म्हणजे एनम, ठरावीक पर्यायांचा टाइप.

डीबगर या नावाचं आधी एक झाड करतो. वर मॉड्यूल ‘बँक’, त्याखाली स्ट्रक्ट, स्ट्रक्टच्या नावाच्या जागी एक जोडी: शेपटी आणि ‘नोंद’. आपल्याला वाचायला मिळतं ते ‘बँक.(नोंद इन _७सी…)’ असलं रूप या झाडावरून नंतर छापलेलं असतं. ते माणसांसाठी. शोध झाडावरूनच होतो, आणि वरून खाली होतो.

एक्सकोडमधला डीबगर म्हणजे एलएलडीबी, आणि त्याच्या पोटात स्विफ्टचा अख्खा कंपायलर बसवलेला आहे. ‘बँक’ दिसलं की तो त्या मॉड्यूलची तयार फाइल उघडतो, जिच्यात कंपाइल होताना सगळ्या घोषणा साठवून ठेवलेल्या असतात. प्रायव्हेट घोषणाही असतात, आणि प्रत्येकीबरोबर ती ज्या फाइलची, तिची शेपटी. मग कंपायलरच्या एका खास शोध-फंक्शनला विचारणा जाते: या मॉड्यूलमध्ये ‘नोंद’ नावाचं काय काय आहे, आणि शेपटी अमुक असलेलं कोणतं? हे फंक्शन पाटीकडे बघतच नाही. प्रायव्हेट आहे म्हणून अडवत नाही. पण त्याचा एक काटेकोर नियम आहे, आणि सगळी मेख त्यातच आहे. शेपटी दिली तर तीच शेपटी असलेल्या प्रायव्हेट गोष्टीच परत मिळतात. शेपटी नाही दिली तर प्रायव्हेट नसलेल्याच मिळतात.

म्हणजे शेपटी हरवली तर ‘दोन नोंदी सापडल्या, कोणती हवी?’ असं उत्तर येत नाही. काहीच सापडत नाही. मला आधी हे उलटं वाटायचं: शेपटी म्हणजे जास्तीची माहिती, नसली तर शोध सैल होईल, एवढंच. तसं नाही. शेपटी नावाचाच भाग आहे. वडगाव खुर्दची चिठ्ठी नुसत्या ‘वडगाव’ पत्त्यावर टाकलीत तर ती दोन्हीकडे जात नाही, कुठल्याच वडगावला पोचत नाही.

ही शेपटी लावण्यात कंपायलर काटकसरही करतो. प्रायव्हेट ‘नोंद’च्या आत आणखी एक टाइप असेल, समजा ‘तपशील’, तर त्याला वेगळी शेपटी लागत नाही. बाहेरच्या नोंदीची एकदा लागली की आतलं सगळं आपोआप वेगळं झालं. उलट पब्लिक स्ट्रक्टमध्ये एखादीच मेथड प्रायव्हेट असेल तर शेपटी त्या मेथडच्या नावाला लागते. २०१६ मध्ये स्विफ्ट ३ ने ‘फाइलप्रायव्हेट’ आणलं आणि प्रायव्हेटचा अर्थ जास्त आवळला, पण शेपटीच्या दृष्टीने दोघं सारखेच. एका फाइलमध्ये दोन वेगळ्या टाइपच्या आत एकाच नावाच्या प्रायव्हेट मेथडी असल्या तरी त्यांचे बाहेरचे टाइप वेगळे असतातच, आणखी काही लागत नाही. फंक्शनच्या आत जाहीर केलेल्या टाइपना मात्र फाइलची शेपटी नव्हे, अनुक्रमांक मिळतो.

हे झालं पिळलेल्या नावाकडून घोषणेकडे. उलटा प्रवास जास्त नाजूक आहे. तुम्ही डीबगरच्या खिडकीत स्वतः टाइप करता: नोंद(रक्कम: १००, मुदत: १२). तुम्ही शेपटी लिहिलेली नाही, लिहिणारही नाही. कोणत्या नोंदीबद्दल बोलताय?

एलएलडीबी तुमची ओळ एका तात्पुरत्या फाइलमध्ये गुंडाळून कंपाइल करतो. त्या कंपाइलपुरती दारावरची पाटी काढून ठेवलेली असते, म्हणूनच डीबगरमध्ये प्रायव्हेट गोष्टींना हात लावता येतो. पण पाटी काढली की दोन्ही नोंदी समोर येतात. इथे कंपायलरमध्ये डीबगरसाठी मुद्दाम ठेवलेली एक खिडकी उपयोगी पडते. नाव शोधताना कंपायलर डीबगरला विचारतो: तुझी पसंतीची शेपटी कोणती? डीबगर बघतो की सध्या निवडलेली फ्रेम, म्हणजे थांबलेल्या फंक्शनांच्या साखळीतली (स्टॅकमधली) एक कडी, कोणत्या फाइलमधली आहे. त्या फाइलच्या ड्वार्फ नोंदीत, कंपाइल करताना दिलेल्या खुणांच्या ओळीत, तिची शेपटी लिहून ठेवलेली असते. तो ती पुढे करतो, आणि कंपायलर दोन्हींतून जुळणारी नोंद ठेवून दुसरी गाळून टाकतो.

म्हणून ‘अप’ म्हणून स्टॅकमध्ये एक पायरी वर गेलात आणि ती फ्रेम कर्जाच्या फाइलमधली निघाली, की तीच ओळ आता ‘मुदत असं काही नाही’ म्हणत कोसळते. डीबगर बिघडलेला नाही. तुम्ही एका वडगावातून उठून दुसऱ्यात जाऊन बसलात. आणि तिसऱ्याच, म्हणजे समजा ‘अहवाल’ फाइलमध्ये थांबून नोंद म्हटलंत, तर दोन उमेदवार आणि निवडायला आधार नाही. अशा वेळी डोकं न आपटता ज्या फाइलची नोंद हवी तिच्यातली फ्रेम निवडायची, किंवा तिथे ब्रेकपॉइंट टाकून थांबायचं.

रनटाइमच्या बाजूला चित्र वेगळं दिसतं. चालत्या प्रोग्रामला एखाद्या प्रायव्हेट टाइपचं पूर्ण नाव छापायला सांगितलं की ‘बँक.(अननोन कॉन्टेक्स्ट ॲट $१०…).नोंद’ असं काहीतरी येतं. शेपटी कुठे गेली? प्रोग्राम स्वतः चालायला शेपटीची गरज नसते. प्रायव्हेट टाइपभोवती एक अनामिक कुंपण मेमरीत ठेवलेलं असतं, आणि त्या कुंपणाचा पत्ताच पुरेसा वेगळा असतो. कंसात छापलेला आकडा तोच. दुसऱ्यांदा ॲप चालवलं की तो बदलू शकतो, त्यामुळे लॉगमधला असा आकडा उचलून कोडमध्ये शोधत बसू नका. मी एक आख्खी संध्याकाळ घालवली आहे.

अलीकडच्या एलएलडीबीत बराचसा भार कंपायलरवरून काढून घेतलाय. नुसतं व्हेरिएबल दाखवायचं असेल तर तो पिळलेल्या नावालाच टाइप मानतो आणि आतली फील्डं रनटाइमच्या माहितीतून वाचतो, मॉड्यूलची फाइल उघडायची गरज पडेलच असं नाही. ओळ टाइप करून चालवायची असेल तेव्हा मात्र कंपायलर लागतोच, आणि वरची सगळी मिरवणूक निघते.

शेपटी फाइलच्या नावातून येते याचा एक परिणाम डीबगरच्या बाहेरही होतो, आणि तो मी महागात शिकलो. एका जुन्या ॲपवर काम करत होतो. त्यात एक प्रायव्हेट क्लास होता, आणि त्याचे ऑब्जेक्ट एनएसकोडिंगने (ॲपलच्या साठवणीच्या जुन्या पद्धतीने) फोनमध्ये साठवले जायचे. साठवताना क्लासचं नावही लिहिलं जातं, आणि प्रायव्हेट क्लासचं ऑब्जेक्टिव्ह-सीला दिसणारं नाव म्हणजे शेपटीसकट, वर दाखवलं तसं. कंपायलर याबद्दल स्पष्ट बजावतो की या क्लासचं नाव स्थिर नाही. आमच्या बिल्डमध्ये दीडशे-दोनशे वॉर्निंग असायच्या, त्यातली ही एक. मी फाइलचं नाव ‘हेल्पर’वरून काहीतरी नीटनेटकं केलं. कोडचा एक शब्दही बदलला नव्हता. टेस्ट पास, रिव्ह्यू पास, ॲप बाहेर. आणि मग लोकांच्या फोनमधले साठवलेले मसुदे उघडेनात, कारण त्या शेपटीचा क्लास आता जगात कुठेच नव्हता.

दुरुस्ती चार ओळींची होती. क्लासला कायमचं नाव दिलं, आणि वाचताना जुनं नाव आलं तर हा क्लास समज, असं साठवलेलं परत वाचणाऱ्या अनअर्कायव्हरला सांगितलं. त्यासाठी जुनं नाव कोडमध्ये स्ट्रिंग म्हणून लिहावं लागलं, पी, ३३, अंडरस्कोर आणि पुढची बत्तीस अक्षरं, एका जुन्या फोनच्या लॉगमधून कॉपी करून. ती ओळ अजून तिथेच आहे. शेजारी मी कमेंट लिहून ठेवलीय की हा हॅश ‘हेल्पर’ नावाच्या फाइलचा आहे, आणि ती फाइल शोधू नका.